एकाच पंगतीला

मराठी भाषेत भुकेल्याला अन्न देण्याविषयी शब्दांचा दुष्काळ नाही. अन्नदान, अन्नछत्र, सदावर्त, भंडारा, शिधा, माधुकरी, वार लावून जेवणे, असे कितीतरी शब्द आपण पिढ्यानुपिढ्या वापरत आलो आहोत. बारकाईने पाहिले तर या प्रत्येक शब्दात देणारा आणि घेणारा यांच्यामधील अंतर मोजून ठेवलेले दिसते. माधुकरी मागणारा दाराबाहेर उभा असतो. शिधा घेणारा ओसरीच्या पायरीशी थांबतो. भंडाऱ्यात जेवणारा देवाच्या नावाने जेवतो, म्हणून त्याची मान थोडी ताठ राहू शकते. अन्नदान या शब्दात मात्र देणाऱ्याचा हात कायमचा वर आणि घेणाऱ्याचा कायमचा खाली असतो.

या सर्वांहून वेगळा असा एक शब्द आपल्याजवळ आहे, तो म्हणजे पंगत. पंगतीत सर्व समान, असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः आपल्या समाजाने पंगतीतून जितकी माणसे उठवली, तितकी क्वचितच दुसऱ्या कोठून उठवली असतील. कोणी कोणाच्या हातचे खावे, कोणी कोणाच्या शेजारी पान मांडावे, कोणाची पंगत आधी व कोणाची उरल्यासुरल्यावर, या प्रश्नांवर आपल्या गावांची रचनाच उभी राहिली. म्हणून आम्हांला असे वाटते की, एखाद्या धर्मग्रामाने शेजाऱ्यांसाठी चूल पेटवली, तर तेथे किती माणसे जेवली हा प्रश्न दुसरा ठरतो. ती कोणाशेजारी बसून जेवली, हा पहिला.

शुभवर्तमान लक्षपूर्वक वाचणाऱ्यास एक गोष्ट ध्यानात येईल. प्रभू येशूने पाच हजारांना जेवू घातले, म्हणून परुश्यांनी त्याच्यावर ठपका ठेवल्याचे कोठे आढळत नाही. ठपका आला तो तो जकातदारांबरोबर आणि पापी ठरवलेल्या माणसांबरोबर जेवायला बसला म्हणून. भुकेल्यास अन्न देणाऱ्याची जग वाहवा करते. त्याच्या ताटाशेजारी आपले ताट मांडणाऱ्याला मात्र जग जाब विचारते. प्रभूने दोन्ही गोष्टी केल्या. आपण बहुधा पहिली करतो आणि तेवढ्यावर समाधान मानतो.

आमच्या धर्मग्रामात जेवणाचा उपक्रम सुरू झाला तो २०२० साली. आमचे गाव आज अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव. साखर कारखाना, एस.टी. स्थानक, ग्रामीण रुग्णालय आणि शुक्रवारचा बाजार, एवढे त्याचे वैभव. नगर-मनमाड रस्ता तेथून फार दूर नाही. त्या वर्षी २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि काही दिवसांतच पुण्याकडून उत्तरेकडे चालत निघालेली माणसे या भागातून जाताना दिसू लागली. डोक्यावर बोचकी, कडेवर मुले, पायांत तुटक्या चपला. आमच्या काही तरुणांनी फाटकापाशी खिचडीचे पातेले ठेवले. कोणाची सभा झाली नाही, ठराव झाला नाही. भूक दारात आली आणि पातेले चुलीवर चढले.

ती माणसे निघून गेली. टाळेबंदीही उठली. पातेले मात्र चुलीवरून उतरले नाही, कारण एवढ्या दिवसांत आम्हांला आमच्याच गावातील भूक दिसू लागली होती. ग्रामीण रुग्णालयात रुग्णाला जेवण मिळते. दूरच्या वाडीवरून त्याच्यासोबत आलेल्या म्हाताऱ्या बापाला किंवा सासूला ते मिळत नाही. दिवाळीनंतर बीड आणि पाथर्डीकडून ऊसतोड मजुरांची जोडपी येतात व पहाटेच फडात जातात. मागे कोपीवर राहिलेली मुले दुपारपर्यंत रात्रीच्या शिळ्या तुकड्यावर असतात. मुलगे पुण्यात व मुली सासरी, अशी एकाकी म्हातारपणे तर गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या घराला कुलूप नसते, दारिद्र्याची पाटीही नसते. फक्त संध्याकाळी त्यांच्या घरातून फोडणीचा वास येत नाही.

आता दर मंगळवारी व शुक्रवारी दुपारी, चर्चच्या मागे जुन्या मराठी शाळेची जी पडवी आहे तेथे, साठ ते ऐंशी माणसे जेवतात. मंगळवार हा संत अंतोनीच्या भक्तीचा दिवस, आणि त्याच्या नावाने गरिबांच्या भाकरीसाठी ठेवलेली पेटी हे आमच्या चुलीचे पहिले भांडवल. शुक्रवारी बाजारासाठी खेड्यापाड्यांतून माणसे येतात. सत्तर माणसांच्या खिचडीला सात किलो तांदूळ आणि दोन किलो मूगडाळ लागते. भाकरीचा दिवस असला म्हणजे भाकरी घराघरांतून येतात. सुमारे तीस कुटुंबे घरागणिक पाच भाकऱ्या फडक्यात बांधून पाठवतात, थंडीत बाजरीच्या, उन्हाळ्यात ज्वारीच्या. येसराची आमटी किंवा पिठले तेवढे पडवीत शिजते. सोबत शेंगदाण्याचा ठेचा आणि कांदा. स्वयंपाक शाकाहारीच असतो. कोणालाही विचार न करता घास उचलता यावा, हा त्यामागील हेतू.

घरोघरीच्या भाकरीचे एक वैशिष्ट्य आम्ही पाहिले. एका टोपलीत तीस घरांच्या भाकऱ्या एकत्र पडल्या की, कोणती कोणाच्या घरची हे ओळखता येत नाही. एखादी करपलेली, एखादी जाड, एखादी चंद्रासारखी गोल. जेवणाऱ्याला देणाऱ्याचे नाव कळत नाही आणि देणाऱ्याला जेवणाऱ्याचे. दान गुप्त असावे असे प्रभूने शिकवले. ते कसे साधावे हे आमच्या धर्मग्रामातील स्त्रियांना एका टोपलीने शिकवले.

तथापि हे सर्व निर्वेधपणे झाले असे नाही. टाळेबंदीनंतर हा उपक्रम कायमचा करावा, असा विषय धर्मग्राम परिषदेपुढे आला, तेव्हा एका निवृत्त शिक्षकांनी उभे राहून विरोध केला. ते आमच्याहून वयाने मोठे, विचारी आणि गावात मान असलेले. ते म्हणाले, “फादर, माझ्या बापानं आयुष्यभर एकच वाक्य ऐकलं, ‘पोटासाठी बाटले.’ शाळेत मीही ते ऐकलं. आता कुठं ते विझायला लागलंय. तुम्ही ही चूल पेटवाल आणि ते वाक्य पुन्हा पेटेल.”

सभेत शांतता पसरली, कारण ते वाक्य तेथे बसलेल्या प्रत्येक घराने ऐकलेले होते. वाचकहो, तुमच्यापैकीही अनेकांनी ते ऐकले असेल. या प्रश्नाला बगल देऊन शेजाऱ्यांना जेवू घालण्याच्या गोष्टी करणे योग्य नव्हे, असे आम्हांला वाटते.

आपल्या भागाचा इतिहास दुष्काळांनी लिहिलेला आहे. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ, १८९९-१९०० चा छप्पन्या आणि १९७२ चा दुष्काळ ही नावे आपल्या आज्या तिथीवारासारखी सांगत. या दुष्काळांत मिशनऱ्यांनी अन्न दिले, हे खरे. परंतु अन्न त्यांनीच दिले असेही नाही. १८७७ साली महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम चालवला. १९७२ साली सरकारी कामांवर सुकडी वाटली गेली आणि परदेशातून आलेला तांबडा मिलो रेशनच्या दुकानांतून घरोघरी पोहोचला. आमचा जन्म त्या काळाच्या आसपासचा. आमची आई खडी फोडण्याच्या कामावर जात असे. मिलोची भाकरी थापताना तुटते कशी, हे ती पुढे कित्येक वर्षे सांगत असे. तो मिलो सर्व जातींच्या, सर्व धर्मांच्या चुलींवर शिजला. त्या भाकरीवरून कोणी कोणाला बाटलेला म्हटले नाही.

मग हे वाक्य आपल्याच वाट्याला का आले? आम्हांला असे दिसते की, त्या वाक्यात रागाचे कारण अन्न नव्हतेच. आपल्या पूर्वजांना गावात अन्न कधीमधी मिळत असे. सणाला, लग्नाला, सुगीला मिळत असे. ते मिळे ते मागल्या दारी, वरून टाकलेले. मिशनच्या आवारात त्यांना भाकरी मिळाली आणि तिच्याबरोबर बसायला जागा मिळाली. मुलांना पाटी मिळाली, नावाने हाक मारणारा माणूस मिळाला. पोटासाठीच आले असते, तर पुढल्या पावसाळ्यात शेते हिरवी झाल्यावर परत गेले असते. दुष्काळ संपले, धान्याची पोती संपली, पण ते गेले नाहीत. भूक लागणे ही काही लाज वाटण्याजोगी गोष्ट नव्हे. ज्या समाजात माणसाला भाकरी आणि बसायला जागा या दोहोंसाठी घर सोडावे लागते, लाज त्या समाजाने बाळगावी.

आणखी एक गोष्ट आपण विसरू नये. ज्यांनी आपल्या भागात अन्न वाटले, त्यांनाच वाटपाच्या मर्यादा सर्वांआधी कळल्या. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी १९६६ साली नगर येथे सोशल सेंटर स्थापन केले. दर दुष्काळात पोती आणण्यापेक्षा डोंगरउतारावरचे पाणी अडवून जमिनीत मुरवावे, म्हणजे शेतकऱ्याला हात पसरावा लागणार नाही, हा विचार त्यांनी आयुष्यभर सांगितला व पाणलोट विकासाच्या कामातून प्रत्यक्षात आणला. चांगली चूल कोणती, तर जी आपली गरज संपावी म्हणून झटते ती.

सभेत आम्ही एवढेच मांडले आणि काही नियम सर्वांनी मिळून ठरवले. जेवणाऱ्याला नाव विचारायचे नाही, जात विचारायची नाही, धर्म विचारायचा नाही. जेवणाआधी प्रार्थना आम्ही वाढणारे आपसांत करू, पंगतीकडून करवून घेणार नाही. पुस्तिका वाटायची नाही, छायाचित्र काढायचे नाही. वाक्य पुन्हा पेटेल की नाही हे आपल्या हाती नाही, पण त्याला सरपण पुरवायचे नाही हे आपल्या हाती आहे. त्या निवृत्त गुरुजींनी विरोध मागे घेतला नाही, मतही विरुद्ध दिले नाही. आजही ते पडवीकडे फिरकत नाहीत. परंतु त्यांच्या घरच्या पाच भाकऱ्या एकाही खेपेला चुकलेल्या नाहीत.

छायाचित्राच्या नियमाची कसोटी लवकरच लागली. गावातील एक व्यापारी मुलाच्या वाढदिवसानिमित्त एका दिवसाच्या जेवणाचा खर्च देण्यास आले. त्यांची इच्छा एवढीच होती की, मुलाच्या हातून पहिला घास वाढावा व त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात यावे. आम्ही त्यांना सांगितले, “छायाचित्र नको. त्याऐवजी मुलाला घेऊन या आणि येथेच जेवा.” ते थोडे अवघडले. परंतु मुलगा दहा वर्षांचा होता, त्याला अवघडणे अजून शिकवले गेले नव्हते. तो ऊसतोड मजुरांच्या दोन पोरांच्या मध्ये जाऊन बसला, आणि मग बापालाही बसावे लागले. त्या दिवशी पिठले तिखट झाले होते. तिघेही पोरगे नाक पुसत हसत होते.

सेमिनरीत असताना आमच्या मनावर एक गोष्ट कोरली गेली. दियाकोनिया या ग्रीक शब्दाचा आपण सेवा असा भारदस्त अर्थ करतो. त्याच्या साध्या, घरगुती अर्थांपैकी एक आहे जेवण वाढणे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आरंभीच्या ख्रिस्तसभेतील एक वाद सांगितला आहे, आणि तो पूजाविधीवरून झालेला नाही. तो वाढपावरून झाला. रोजच्या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक बोलणाऱ्यांनी हिब्रू बोलणाऱ्यांविरुद्ध तक्रार केली. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केले नाही. त्यांनी सात जण निवडायला सांगितले. त्या सातांची नावे वाचली तर सातही नावे ग्रीक आहेत. अर्थात ज्यांच्या बाजूवर अन्याय झाला होता, बहुधा त्यांच्याच हाती पळी देण्यात आली. आमच्या मते ख्रिस्तसभेच्या स्वयंपाकघराचा हा पहिला व कायमचा धडा आहे. पुढे तिसऱ्या शतकात, २५८ साली, रोममध्ये हुतात्मा झालेला संत लॉरेन्स हाही असाच वाढपी, म्हणजे दीक्षित सेवक, होता. चर्चची संपत्ती हजर कर, असे फर्मावल्यावर त्याने गोरगरिबांना पुढे आणून उभे केले, अशी परंपरा आहे.

हा धडा आम्ही ग्रंथांत वाचला होता. तो प्रत्यक्षात पाहिला तो आमच्या पडवीत. पेठेतील एका जुन्या आडत्याच्या घरच्या काकू सुरुवातीपासून कडीचा डबा घेऊन येत. रुग्णालयात आपल्या ओळखीची एक बाई आहे, तिच्यासाठी जेवण हवे, असे सांगत. डबा भरून घेत आणि जात. आमच्या बायकांच्या लवकरच ध्यानात आले की, काकू फाटकातून बाहेर पडल्यावर रुग्णालयाकडे वळत नाहीत, पेठेकडे वळतात. हे सर्वांना ठाऊक होते आणि कोणी बोलले नाही. उलट डब्यात एक भाकरी अधिक जाऊ लागली. “तुमच्या बाईंना बरं वाटतंय का?” असे कोणीतरी विचारी आणि काकू “हो, हळूहळू” असे म्हणत. आमच्या मते हे खोटे नव्हते. ती दोन्ही बाजूंनी सांभाळलेली अब्रू होती.

एका पावसाळ्यात, दुपारी धो धो पाऊस लागला. काकू डबा घेऊन पडवीत अडकल्या. पंगत बसलेली, उभे राहायला जागा नाही. आमच्या स्वयंपाक करणाऱ्या बायकांतील सर्वांत थोरल्या आक्का पुढे झाल्या, शेजारची दोन माणसे सरकवली, ताट मांडले आणि म्हणाल्या, “या काकू, बसा. पाऊस काय इतक्यात थांबत नाही.” काकू क्षणभर थांबल्या, मग बसल्या. आक्का त्यांच्यासमोर उकिडव्या बसून वाकून वाढू लागल्या.

ज्यांना गाव ठाऊक आहे, त्यांना या साध्या घटनेचा अर्थ कळेल. आक्कांची आई त्याच आडत्याच्या दुकानापुढचे अंगण झाडत असे. संध्याकाळी आमच्याबरोबरच्या एका तरुण सिस्टरने त्यांना विचारले की, तुम्हांला जुने काही आठवले नाही का? आक्का भांडी घासता घासता म्हणाल्या, “आठवायला इसरले कधी होते मी? माझ्या आईला ह्यांच्या वट्याखाली ओंजळ धरावी लागायची. वरून पाणी पडायचं, निम्मं अंगावर. आता पळी माझ्या हातात हाये. मी बी वरूनच वाढायचं का?”

आम्ही आजवर क्षमेवर अनेक प्रवचने दिली आहेत. त्यांत या उत्तराची बरोबरी करील असे एकही वाक्य आम्हांला सापडत नाही. आक्कांनी काही विसरल्याचा आव आणला नाही, थोरपणाचा तोरा मिरवला नाही. वाढण्याची रीत बदलण्याचा अधिकार आता आपल्याकडे आला आहे, एवढे त्यांनी ओळखले.

त्यानंतर काही आठवड्यांनी काकू डबा न घेता आल्या. डाळीचे सूप पुढे ओढून म्हणाल्या, “आडत्याची सून आहे मी. डाळीतला खडा मला लांबून दिसतो. हे काम माझ्याकडे द्या.” तेव्हापासून आमच्या डाळीत खडा लागलेला नाही. त्या काम करतात आणि म्हणून जेवतात, असे त्यांच्या मनाने ठरवले आहे, आणि ते आम्हांला मान्य आहे. घेणाऱ्याला देण्याची संधी मिळाली की, त्याच्या घशाखाली घास सरळ उतरतो. काकू ख्रिस्ती झाल्या नाहीत. तो विषयही कधी निघाला नाही. मंगळवारी एकादशी आली तर आक्का त्यांच्यासाठी वेगळ्या पातेल्यात भगर शिजवतात. उपवासकाळातील शुक्रवारी आक्का स्वतः उपाशी असतात, तेव्हा काकू त्यांना चुलीपुढून उठवून सावलीत बसवतात. दोन उपवास एकमेकांची काळजी घेतात.

येथेच हा लेख संपवला तर तो गोड होईल, परंतु पुरा होणार नाही. कारण खरी कठीण परीक्षा पुढे होती, आणि ती पेठेतील लोकांची नसून आपल्या लोकांची होती.

दुसऱ्या वर्षी परिषदेत आम्ही सुचवले की, वाढणाऱ्यांनी नंतर वेगळे जेवू नये. निम्म्यांनी पहिल्या पंगतीला बसावे, निम्म्यांनी दुसऱ्या, आणि बसताना पाहुण्यांच्या मध्ये बसावे. यावर आपल्याच काही कुटुंबांत नाराजी उमटली. पंगतीला गावकुसाबाहेर राहणारे एक पारधी कुटुंब येत असे, भंगार वेचणाऱ्या बायका येत असत. काही पालक म्हणाले, “फादर, मुलांना वाढायला पाठवू. जेवायला नको.” कोणी स्वच्छतेचे कारण सांगितले, कोणी आजाराचे. कारणे खोटी नव्हती, म्हणून पडवीशेजारी नळ बसवला, साबण ठेवला. सर्वांनी, आम्हीसुद्धा, हात धुऊनच बसायचे ठरले. नळ बसल्यावर स्वच्छतेचे कारण मिटले. तरी काही कुटुंबांची मुले आली नाहीत. आजही येत नाहीत.

वाचकहो, ही गोष्ट आपण एकमेकांना स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ज्यांच्या ओंजळीत वरून पाणी पडले, त्यांच्या नातवंडांना शिक्षण मिळाले, नोकरी मिळाली, घर मिळाले. आणि आता त्यांच्यापैकी काहींच्या अंगणात दुसरी ओंजळ उभी आहे. ओंजळ बदलली, वरून पडणारे पाणी तेच राहिले. पंगतीतून उठवले जाण्याचे दुःख ज्याने भोगले, त्याने दुसऱ्यास उठवू नये, अशी अपेक्षा करणे काही फार नव्हे. तरीही ते घडते, आपल्या धर्मग्रामांत घडते, लग्नाच्या मांडवांत घडते, कधी कधी चर्चच्या बाकांवरही घडते. करिंथ येथील ख्रिस्ती लोकांना संत पौलाने याचसाठी फटकारले होते. तेथे प्रभुभोजनासाठी जमलेल्यांतील काही जण आपले आणलेले आधी खाऊन मोकळे होत आणि काही उपाशी राहत. हे प्रभूचे भोजन नव्हेच, असे त्याने त्यांना खडसावून लिहिले. म्हणजे पंगत बिघडली की वेदीही बिघडते.

ही चूल सर्व प्रश्नांचे उत्तर आहे, असा आमचा दावा नाही. आठवड्यातील दोन दुपारी म्हणजे चौदांपैकी दोन जेवणे. उरलेली बारा माणसाने कोठून आणायची? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा पाच किलो व अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्याचा हक्क दिला आहे. पण हक्क असणे वेगळे आणि धान्य घरी येणे वेगळे. पंगतीत शेजारी बसून बोलताना कळते की, एकीचे नाव लग्नानंतर माहेरच्या शिधापत्रिकेतून निघाले, पण सासरच्या पत्रिकेत चढलेच नाही. एका म्हाताऱ्याच्या अंगठ्याच्या रेषा आयुष्यभर खडी वाहून झिजल्या, त्यामुळे रेशन दुकानातील यंत्रावर अंगठा उमटत नाही. कोणाला श्रावणबाळ योजनेची माहिती नाही, कोणाचा निराधार अनुदानाचा अर्ज दाखल्यावाचून अडकला आहे. उभे राहून वाढणाऱ्याला या गोष्टी कळत नाहीत. शेजारी बसून खाणाऱ्याला त्या दुसऱ्या भाकरीपर्यंत कळून चुकतात. आमचे चार तरुण आता जेवणानंतर पडवीतच अर्ज भरून देतात व बुधवारी तहसील कार्यालयात हेलपाटे घालतात. यामुळे पंगतीतील काही माणसे यायची थांबली, कारण त्यांच्या घरी आता डबा भरलेला असतो. त्यांच्या रिकाम्या जागा पाहून आम्हांला जो आनंद होतो, तो भरलेल्या पंगतीनेही होत नाही.

पवित्र मिस्सामध्ये आपण सर्व एकाच भाकरीचे वाटेकरी होतो. त्या रांगेत कोण आधी आणि कोण नंतर याला अर्थ नसतो. मामलेदार आणि मोलकरीण एकामागे एक उभे राहून सारखाच घास स्वीकारतात. धर्मगुरू या नात्याने आम्ही ही रांग रोज पाहतो आणि रोज मनात एकच प्रश्न येतो. येथे जे इतके सहज घडते, ते फाटकाबाहेर पन्नास पावलांवर इतके अवघड का व्हावे? ख्रिस्तशरीर स्वीकारलेला हात दुपारी कोणाच्या ताटाशेजारी टेकतो, यावरून त्या स्वीकाराचे मोल ठरत असावे.

तुमच्या धर्मग्रामात कदाचित अशी चूल नसेल, आणि प्रत्येक गावात ती असलीच पाहिजे असेही नाही. परंतु तुमच्या गल्लीत एखादे घर निश्चित असेल, ज्यातून अलीकडे फोडणीचा वास येत नाही. त्या घरी डबा पाठवणे चांगले. डबा घेऊन स्वतः जाणे अधिक चांगले. आणि दोन ताटे मांडून त्या माणसाबरोबर तेथे जेवूनच परत येणे, हे त्याहून चांगले. जाताना ताट कोणाचे, हात कोणाचा, याचा विचार मनात आला, तर तो येऊ द्यावा. मग त्याला दाराबाहेर ठेवून आपण आत जाऊन बसावे.